फॉर्म ११ भरून घेणाऱ्या मुलीस

नाशिक,
७ जून २०२६

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. चाकणच्या कारखान्यात एचआरची, म्हणजे मनुष्यबळ विभागातली, इंटर्नशिप सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत नव्या कामगारांचे जॉइनिंग फॉर्म भरून घेणे, आधार व पासबुकाच्या झेरॉक्स फायलीला लावणे आणि उमेदवारांना मुलाखतीची आठवण करून देणारे फोन करणे, याखेरीज काहीही वाट्याला आले नाही, अशी तुझी तक्रार होती. ‘आई, यात एचआर कुठे आहे?’ असे तू विचारलेस. तेव्हा मी नुसती समजूत घातली, उत्तर दिले नाही. ते देण्यासाठी हे पत्र.

तू भरून घेतेस तो भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म ११ घे, नव्या कामगाराने आधीच्या निधी-खात्याची माहिती द्यायचा. समोर बसलेला मुलगा परभणीकडचा असतो, याआधी दोन ठिकाणी काम करून आलेला असतो, आणि ‘आधीचा यूएएन आहे का?’ (म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा निधीचा क्रमांक) या प्रश्नाला तो बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो, कारण आपल्या पगारातून कापलेल्या बारा टक्क्यांना असा काही नंबर असतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शाळेच्या दाखल्यावर तो ज्ञानेश्वर असतो, आधारवर ज्ञानोबा. आणि जन्मतारीख एका कागदावर खरी, तर दुसऱ्यावर मास्तरांनी लावून टाकलेली १ जून. आज तू हे कागद जसेच्या तसे फायलीला लावलेस तर कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते सहा वर्षांनी, घरात आजारपण निघून त्याने पैशासाठी अर्ज केला आणि तो नाव जुळत नाही म्हणून परत आला, की मग. तोवर तू दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झालेली असशील आणि तुझ्या हातून काय राहून गेले ते तुला कधी कळणारही नाही. नामनिर्देशनाचेही तसेच आहे. अविवाहित मुलगा आईचे नाव लिहितो. लग्नानंतर ते नव्याने करावे लागते, हे त्याला फॉर्म भरतानाच सांगितले पाहिजे. कारकुनी म्हणून तू ज्याला नाक मुरडतेस, त्यातली बरीचशी जबाबदारी अशी उशिरा उघडी पडणारी असते.

माझ्या हातून झालेली चूक मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. १९९२ मध्ये एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला असताना आठवड्यातले दोन दिवस मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, जिथे कामगारांची हजेरी ठेवतात तिथे, फील्डवर्कला जात असे. जानेवारी महिना होता आणि मागच्या वर्षाच्या हजेरीवरून भरपगारी रजेची पात्रता काढायचे काम माझ्याकडे दिलेले होते. कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक रजा मिळे. खिडकीशी आलेल्या एका कामगाराचे दिवस मी मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, मोजले, ते २३१ भरले. ‘बसत नाही,’ एवढेच मी म्हणाले. तो एक शब्दही न बोलता निघून गेला. संध्याकाळी आमच्या वृद्ध टाइमकीपरांनी तेच मस्टर मागे उलटत नेले आणि ऑगस्ट महिन्यातल्या ओळीवर बोट ठेवले: माल न आल्यामुळे दिलेला अकरा दिवसांचा ले-ऑफ, म्हणजे काम नाही म्हणून कारखान्यानेच घरी बसवलेले दिवस. हे दिवस २४० च्या हिशेबात धरायचे असतात, फक्त त्यांच्यावर रजा साठत नाही. म्हणजे २३१ अधिक ११, एकूण २४२. तो पात्र होता, आणि अर्ध्याच्या वरचा अपूर्णांक पूर्ण धरून त्याला बारा दिवस मिळायला हवे होते. फील्डवर्कच्या पुढच्या दिवशी मी शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, जाऊन त्याला गाठले आणि चूक कबूल केली. प्रेसवरचा हात न थांबवता तो म्हणाला, ‘आता काय उपयोग, बाई? पुतणीच्या लग्नाला येत नाही म्हणून गावाकडं कळवून टाकलं.’

ही हकिगत मी रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी अहवालात, पश्चात्तापाचे दोन परिच्छेद घालून लिहिली. आमच्या फील्डवर्क सुपरवायझरने इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे माझ्याशी एकटीशी होणाऱ्या चर्चेत, ते वाचले, पश्चात्तापाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि विचारले, ‘ले-ऑफ एकट्यालाच होता का?’ मी पुन्हा रजिस्टर काढले, तर त्याच विभागातले आणखी सहा जण मीच अपात्र ठरवलेले होते. त्या एका प्रश्नाने मला जे दिले, ते वर्षभराच्या व्याख्यानांनी दिले नव्हते.

तुझ्या पिढीला कायदाही नव्याने वाचावा लागणार आहे. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. रजेसाठीची २४० दिवसांची अट आता १८० वर आली आहे आणि नोकरी सोडणाऱ्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करायचे आहे. आमच्या वेळी हाच हिशेब महिना-दीड महिना लोंबकळत असे. दोन दिवसांत तो करायचा तर स्टोअर, कँटीन आणि अकाउंट्स यांची ना-हरकत कोण, कधी आणि कोणत्या क्रमाने घेतो, हे तिथल्या माणसाच्या शेजारी बसूनच कळते. पुस्तकात फक्त मुदत छापलेली असते.

तू म्हणालीस की सकाळच्या पाळीला ठेकेदाराच्या गाडीतून चाळीस मुले उतरतात आणि त्यांचे कागद तुमच्या विभागात येतच नाहीत. हे मला फार महत्त्वाचे वाटले. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत भरती अशीच जॉबर नावाच्या मुकादमाच्या हातात असे आणि कामावर लागायचे तर त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. भरती त्याच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे सोपवावी, अशी शिफारस १९३१ मध्ये कामगारविषयक रॉयल कमिशनने केली. आपला हा व्यवसाय पुष्कळसा त्यातून उभा राहिला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची जी शाळा निघाली आणि पुढे टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणून नावारूपाला आली, तिच्या परंपरेत फील्डवर्काला जे स्थान आहे तेही उगाच नव्हे. तेव्हा ती गाडी नीट पाहा. कोणावर आरोप करायला तू तिथे गेलेली नाहीस, पण पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रोजेक्टबद्दल माझे मत तुला आवडणार नाही. शंभर जणांकडून ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत बरोबरच्या खुणा करून घ्यायच्या आणि कर्मचारी समाधानी असल्याची वर्तुळे काढायची, असले अहवाल मी नोकरीत असताना कपाटभर साठले होते, ते कोणी उघडल्याचे मला आठवत नाही. त्याऐवजी गेल्या सहा महिन्यांत सोडून गेलेल्यांपैकी वीस जणांशी बोल. राजीनाम्यावर सगळ्यांनी ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेले असेल. खरे कारण बसची वेळ, खोलीचे भाडे किंवा एखाद्या सुपरवायझरचे तोंड असू शकते. वहीत मात्र नावे लिहू नकोस, आणि मेसमध्ये जेवताना कोणाचा पगार किंवा कोणाचे आजारपण तुझ्या तोंडून निघता कामा नये.

एक गोष्ट आई म्हणून. २०१३ चा लैंगिक छळप्रतिबंधक कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीत कोण आहेत याचा फलक कुठे लावला आहे, तो पाहून ठेव. नसेल तर तुझ्या मॅनेजरना साधेपणाने विचार. त्यांच्या उत्तरावरून तुला त्या विभागाविषयी बरेच काही कळेल.

तुझ्या बाबांनी शेवग्याच्या शेंगा आणि लोणच्याची बरणी बांधून ठेवली आहे, ती रविवारी येशील तेव्हा घेऊन जा. त्याआधी आतापर्यंत भरून घेतलेले सगळे फॉर्म ११ एकदा पुन्हा काढ, आणि ‘आधीचा यूएएन नाही’ असे लिहिलेल्यांपैकी किती जण याआधी कुठे कामाला होते, तो आकडा मला आल्यावर सांग.

तुझी,
आई