आठ रुपयेवाला शेअर स्वस्त नसतो ओ

संपादक साहेब,
आमच्या शहापुरात साडीच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की पोरं मोबाईलवर शेअरचे भाव बघत बसायलेत, चांगलंच आहे की, पण परवा एकजण म्हणाला आठ रुपयेवाला घेतलाय, एकदम स्वस्त. अहो, कंपनीचे एकूण शेअर किती, नफा किती, कर्ज किती हे न बघता नुसत्या भावावरून स्वस्त-महाग काय कळणार? आणि घेतलेला शेअर पुढच्या कामाच्या दिवशी आपल्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या ऑनलाइन खात्यात, दिसायला पाहिजे, ते खातं एनएसडीएल नाहीतर सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे असतंय, त्यांचं स्टेटमेंट मेलवर येतं, ते उघडून बघतंय कोण! शेअर घेऊन देतो म्हणणाऱ्या व्हॉट्सअप ग्रुपवाल्याच्या पर्सनल खात्यावर पैसे टाकले तर शेअर येत नाहीत, पैसे तेवढे जातात. फ्युचर्स-ऑप्शनच्या, म्हणजे भाव पुढं कुठं जाईल यावर करायच्या सौद्यांच्या, नादाला तर नवख्यांनी लागूच नये, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलंय, ३ वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला.
खानापूर, निपाणीकडंही आता हे लोण पोचलंय, तेव्हा डिमॅट स्टेटमेंट कसं वाचायचं एवढं तरी आपल्या पेपरात एकदा मराठीत छापा, नमुन्याच्या फोटोसकट.

एक वाचक, शहापूर, बेळगाव