ती पांढरी झाडं खोटी नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पांढऱ्याशुभ्र झाडांचा आणि गडद आभाळाचा एक फोटो छापला होता, आणि त्यावर या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलंय की असले कॉम्प्युटरवर रंगवलेले फोटो छापू नका. वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितोय. तो फोटो इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, लाल रंगाच्या पलीकडच्या प्रकाशात काढलेला आहे हे बघताक्षणी कळतं, आणि मी स्वतः गेली काही वर्षं जुना डिजिटल कॅमेरा कन्व्हर्ट करून असेच फोटो काढतोय. त्यातली झाडं कुणी पांढरी केलेली नाहीत, त्या प्रकाशात ती तशीच असतात.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्यापुढेही प्रकाश आहे हे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० सालीच दाखवलं, त्याने प्रिझममधून सूर्यप्रकाश पाडला आणि लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा चढला. पुढे १९१० मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडने या प्रकाशात काढलेले फोटो छापले, त्यातही झाडं पांढरीच होती आणि तेव्हा कॉम्प्युटर कुठून येणार? पानातलं क्लोरोफिल (हिरवं रंगद्रव्य) लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं पण इन्फ्रारेडला अडवत नाही, मग तो प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटत आपटत बराचसा परत बाहेर येतो, म्हणून पान चमकतं. निळ्या आभाळातून इन्फ्रारेड फारच कमी येतं म्हणून ते काळपट दिसतं. आणि हो, उष्णता दाखवणारे जे थर्मल कॅमेरे असतात ते वेगळे, ते फार लांबच्या तरंगलांबीवर चालतात, आपल्या कॅमेऱ्याला अंगातली ऊब वगैरे दिसत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मला दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच.

आता रंगांचं म्हणाल तर त्या वाचकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. या प्रकाशाला आपल्या ओळखीचा रंगच नसतो. ७२० नॅनोमीटरच्या, म्हणजे साधारण त्यापुढचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरमधून आलेली फाइल आधी सगळी लालभडक दिसते, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं काय धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) केल्यावर पानं पांढरट आणि आभाळ विटकरी होतं आणि फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधल्या चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की आभाळ निळं. ती निवड फोटो काढणाऱ्याची. पण पान आभाळापेक्षा उजळ आहे हे मात्र कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरनेच पकडलेलं असतं.

कन्व्हर्ट म्हणजे काय तेही सांगतो, कारण त्या फोटोमुळे कुणाला करून बघावंसं वाटलं असेल तर सुरुवात सोपी व्हावी. डिजिटल सेन्सर मुळात १००० नॅनोमीटरच्याही पुढे बघू शकतो, पण नेहमीच्या फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच बसवते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर धरून बटण दाबा, डोळ्याला न दिसणारा दिवा बऱ्याच कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर अंधुक चमकतो, म्हणजे ती काच सगळंच अडवत नाही. लेन्सवर नुसता इन्फ्रारेड फिल्टर लावूनही फोटो निघतो पण एकेका फोटोला कित्येक सेकंद लागतात, ट्रायपॉड हवाच, वाऱ्याने पानं हलली की सगळं पुसट. कन्व्हर्ट करताना आतली काचच काढून तिथे इन्फ्रारेड सोडणारी काच बसवतात, मग नेहमीसारखा हातात धरून फोटो काढता येतो. त्या कॅमेऱ्याने परत साधे फोटो निघत नाहीत आणि वॉरंटी जाते, म्हणून कपाटात पडून असलेला जुना कॅमेराच यासाठी घ्यावा.

पहिल्यांदा करणाऱ्याने ७२० चाच फिल्टर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ५९० मध्ये थोडा दिसणारा प्रकाशही येतो, पानं सोनेरी करता येतात, छान दिसतं पण त्याचा लवकर कंटाळा येतो. ८५० मध्ये फक्त ब्लॅक अँड व्हाइट.

माझा पहिला कन्व्हर्ट केलेला कॅमेरा डीएसएलआर होता, म्हणजे आत आरसा असलेला. व्ह्यूफाइंडरमधून काढलेला प्रत्येक फोटो थोडासा मऊ यायचा, मी महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो, लेन्स बदलून पाहिली, शटर स्पीड वाढवला. मग एकदा एकाच फांदीचे दोन फोटो घेतले, एक व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तर दुसऱ्यात पानाच्या शिरान् शिरा मोजता येत होत्या. इन्फ्रारेडचा फोकस दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा किंचित वेगळ्या जागी पडतो आणि डीएसएलआरचा फोकस बघणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे कन्व्हर्ट करणाऱ्याने तो जुळवून द्यायला हवा होता, तो दिलाच नव्हता. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मुख्य सेन्सरवरूनच होतो म्हणून ही भानगड नाही, मिळत असेल तर तोच घ्या. आणि घरी स्वतः उघडायच्या फंदात कृपया पडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो, जोरदार झटका बसतो.

बाकी फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरव्या गवतावर सेट करा. काही लेन्सना मधोमध पांढरट डाग येतो त्याला हॉटस्पॉट म्हणतात, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) जितकं बारीक तितका तो ठळक होतो, म्हणून एफ ५.६ ते ८ च्या पलीकडे जाऊ नका आणि लेन्स आधी तपासून घ्या. भर दुपारचं ऊन, जे एरवी फोटोग्राफर टाळतात, ते इथे सगळ्यात चांगलं. मी पहिल्याच दुपारी माझा काळा टी-शर्ट उन्हात वाळत घातलेला टिपला तर तो फिकट राखाडी आला आणि शेजारचा काळा सुती कपडा काळाच राहिला, डोळ्याला दोन्ही सारखेच काळे. रंगाचं रसायन वेगळं, एवढाच फरक. तेव्हापासून मी दिसेल त्या वस्तूवर कॅमेरा रोखतो.

एकच विनंती आहे. पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली 'इन्फ्रारेड, ७२० नॅनोमीटर, रंग नंतर बदललेले' एवढी ओळ द्या. परवाच्या फोटोखाली फक्त फोटोग्राफरचं नाव होतं, त्यामुळे त्या वाचकांना शंका आली यात त्यांची काही चूक नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक