गाडी उंच करण्याआधी गतिरोधक मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या गॅरेजांत एक काम जोरात चालतं. खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर पोट घासू नये म्हणून गाड्या कायमच्या उंच करायचं. ‘पॅकिंग टाकून देतो, गाडी उंच बी होईल अन् मऊ बी,’ असं सांगून तासाभरात चारही चाकांना चकत्या बसवून देतात. जुनी टाटा इंडिगो मरिना वापरणारा माणूस म्हणून मी या फंदात बरंच लक्ष घालून आहे. उंची आणि मऊपणा एका चकतीत मिळत नाहीत, हे कुणीतरी लिहायला हवं.

मरिना आता रस्त्यावर क्वचितच दिसते. शेतकऱ्यासाठी मात्र अशा स्टेशन वॅगनसारखी, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेल्या गाडीसारखी, सोयीची गाडी दुसरी नाही. मागची सीट पाडली की ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खताच्या गोण्या, फवारणीचा पंप सगळं मावतं आणि म्हाताऱ्या आईला आत बसायला चढावं लागत नाही. (विकून एसयूव्ही का घेत नाही, असं लोक विचारतात. केळीचे भाव बघून मग विचारावं.)

उंची वाढवण्याआधी गाडी मूळ उंचीवरून किती बसली आहे ते बघायला हवं. तोलकाट्याच्या सपाट जागेवर गाडी लावून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरली. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेनं माप चुकतं. मागची बाजू खाली, त्यातही उजवीकडे जास्त. आमच्या मिस्त्रींनी टॉर्च मारून सांध्यांत बसवलेले, भेगाळलेले रबरी बुश दाखवले आणि म्हणाले, ‘भो, मांगच्या स्प्रिंगा बसेल आहेत. जे गेलं ते आधी वापस आणा.’ कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा, बुश, वरचे माउंटिंग आणि शॉकअप (स्प्रिंगचं उसळणं आवरणारा दांडा) टाकल्यावर मागची बाजू जवळपास तीन सेंटिमीटर वर आली. धक्केही बरेच कमी झाले, कारण कडक झालेला बुश खड्ड्याचा हादरा सरळ पत्र्याला देतो. म्हणजे जी उंची लोक विकत घ्यायला निघतात, तिचा मोठा वाटा त्यांच्याच गाडीतून हरवलेला असतो.

त्यावर आणखी उंची आणि मऊपणा हवा असेल तर हिशेब करावा लागतो. समजा एका स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे आणि ती दर सेंटिमीटरला २० किलो घेते. ती १५ सेंटिमीटर दबणार. तीच मऊ करून दर सेंटिमीटरला १५ किलोची केली तर २० सेंटिमीटर दबणार, म्हणजे गाडी पाच सेंटिमीटर खाली. मऊ स्प्रिंग गाडीला आधी खालीच नेते. आहे तीच उंची राखायची तर स्प्रिंगची मोकळी लांबी पाचने वाढवायला हवी, आणि दोन सेंटिमीटर वर न्यायची तर सातने. शिवाय मऊ स्प्रिंग जास्त खालीवर होणार, तेवढी हालचाल सांभाळणारा शॉकअप तिच्या जोडीला हवा. नाहीतर भरलेली गाडी प्रत्येक खड्ड्यात ठोकरावर, म्हणजे स्प्रिंग पुरती दबल्यावर अडवणाऱ्या रबरावर, आपटते आणि वळणावर अंग टाकते.

आता चकत्या बघा. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये दाबून बसवतात तो रबरी बफर वेढे अडवतो. काम करणारे वेढे कमी झाले की स्प्रिंग आणखी कडक होते. गाडी वर येते, पण धक्के वाढतात. स्प्रिंगखाली चकती टाकली तर शॉकअप उभ्या गाडीतच ताणलेला राहतो आणि चाक खड्ड्यात उतरलं की त्याची खाली जाण्याची जागा संपून ‘खाट्’ वाजतं. शॉकअपच्या डोक्यावर पॅकिंग दिलं तर ती जागा शाबूत राहते, पण चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकाला धरणारा बॉल जॉइंट तिरपे होतात. शाफ्टवरचा रबरी बूट फाटला, आत धूळ गेली, की वळताना कटकट सुरू. आमच्याकडची धूळ कशी असते ते सांगायला नको. तिन्ही प्रकारांत मऊपणा कुठेच नाही. वर व्हील अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावायला हवा, तो कुणी लावून देत नाही.

टायर बदलूनही थोडी उंची मिळते. १७५/६५ आर १४ (म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के) च्या जागी १७५/७० घेतला तर गाडी सुमारे नऊ मिलिमीटर वर येते आणि स्पीडोमीटर तीन टक्क्यांच्या आसपास कमी वेग दाखवतो. माझ्या मते ते नऊ मिलिमीटर त्या खर्चाच्या लायकीचे नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही लक्षात ठेवावं. नोंदणीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले भाग बसवून गाडी बदलली तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि गावाच्या वेशीवर रातोरात डांबराचा ढीग टाकणाऱ्याला? त्याला कोण विचारतं?

गाड्या उंच करायची पाळी मुळात या ढिगांमुळे येते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८ च्या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गतिरोधकाचं माप दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि वरचा बाक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकावर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात आणि पोटाखाली उंचवटा उरतो जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा. कागदावर वर्तुळ काढून कुणीही पडताळावं. एवढ्यानं माझ्या गाडीचा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) टेकत नाही. आमच्याकडचे गतिरोधक मात्र हातभर रुंद आणि वीतभर उंच. पुढचं चाक उतरतं, मागचं अजून चढायचं असतं, आणि तो अख्खा ढीग पोटाखाली. आईला घेऊन जळगावला दवाखान्यात जाताना मला यापायी गाडी तिरपी घालावी लागते आणि मागून केळीचा ट्रक हॉर्न देत असतो.

गतिरोधक नकोत, असं मी म्हणत नाही. भरधाव गाडीखाली गावातलं पोर सापडलं तर लोक वाट बघत बसणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मानकाप्रमाणे बांधलेला, काळे-पांढरे पट्टे आणि आधी फलक असलेला गतिरोधकही वेग रोखतोच. फैजपूर ते चोपडा या टप्प्यातले गतिरोधक संबंधित खात्यानं पावसाआधी मोजून घ्यावेत आणि मापात नसतील ते काढून नीट बांधावेत. टेप आणि सुतळी माझ्याकडे आहे, मोजायला मी स्वतः येईन.

आपला,
एक केळी उत्पादक, सावदा, ता. रावेर, जि. जळगाव