कॉम्प्युटर फॉरमॅटला देऊ नका, आधी हे करा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर सुरू केला की मध्येच बंद पडून सारखा रिस्टार्ट होतो म्हणालात ना, त्याबद्दल हे. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्यांदा वाच. हात बाबांचे.

आधी काळजीचं. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे फोटो गेले, असं नाही. फोटो हार्ड डिस्कवर असतात आणि सारखं रिस्टार्ट होण्याचं कारण बहुतेकदा डिस्कच्या बाहेरच सापडतं : वीज, रॅम (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीची पट्टी), नाहीतर उष्णता. त्यामुळे कुणी ‘फॉरमॅट मारून देतो, लगेच चालू होईल’ म्हणालं तर नको म्हणा. फॉरमॅटने रॅम साफ होत नाही, फोटो मात्र साफ होतात.

बाबा, ते बटण परत परत दाबणं थांबवा. विंडोज अर्धवट उघडून दरवेळी मध्येच तुटलं की चांगल्या फायलीही बिघडू शकतात. त्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून तीनदाच सुरू करा आणि दरवेळी किती सेकंदांनी बंद पडतो, तेव्हा पडद्यावर काय होतं, ते कागदावर लिहा. निम्मं निदान त्या कागदावरच होतं. पडदा काळा असतानाच दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल तर संशय रॅमवर, वीजपुरवठ्यावर किंवा सैल वायरवर. मिनिट-दोन मिनिटं नीट चालून पडत असेल तर उष्णतेवर. विंडोजचं चिन्ह येऊन खाली ठिपके गोल फिरू लागले की पडत असेल तर विंडोज किंवा डिस्क.

आता वीज. यूपीएस बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. ती मेली की दिवे नुसते मिचकले तरी कॉम्प्युटर बंद पडतो आणि आपण दोष कॉम्प्युटरला देतो. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण आहे का बघा, ते ‘यूपीएस’वर हवं. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, वीज तुटल्यावर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकासुद्धा तग धरेल याचा भरवसा नसतो. इन्व्हर्टरने त्याहून जास्त वेळ घेतला की रिस्टार्ट ठरलेला. आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलंय. मग आधी वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

मागचे पेन ड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवा. एखादा बिघडलेला पेन ड्राइव्हसुद्धा सुरू होणं अडवून ठेवतो.

एवढ्याने भागलं नाही तर डबा उघडायचा. (आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो नुसता डबा. खरा सीपीयू आत पंख्याखाली चिकटलेला असतो.) भिंतीतला प्लग काढा, मग पुढचं बटण १५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूची पत्र्याची झडप मागे सरकते. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावा. वायर शिरते तो चौकोनी एसएमपीएस मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्यात धोक्याची वीज साठलेली असू शकते.

सीपीयूच्या पंख्याशेजारी साधारण १३ सेंटीमीटर लांबीची उभी पट्टी दिसेल, ती रॅम. टोकांच्या खिट्या बाहेर दाबा, ती वर येईल. कडेला धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत त्या दातांवर बारीक थर चढतो आणि कॉम्प्युटर पडद्यावर काहीही न दाखवता बंद-चालू होत राहतो. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन दात दोन्ही बाजूंनी हलकेच पुसा, चुरा कोरड्या ब्रशने झटका. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामाच निघून जाईल. पट्टीतली खाच खालच्या खाचेशी जुळवून सरळ दाबा. दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज आला तरच बसली. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालतो आणि दुसरीवर नाही, म्हणजे चोर सापडला.

झाकण उघडं आहे तोवर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधली धूळ रंगाच्या मऊ ब्रशने काढा. काढताना पंखा एका बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. सुरू केल्यावर पंखा फिरतोय ना, हेही बघा. आतल्या मुख्य बोर्डावरच्या (मदरबोर्डवरच्या) छोट्या नळकांड्या, म्हणजे कपॅसिटर, माथ्यावर फुगलेल्या दिसल्या तर फोटो पाठवा.

आता मला सगळ्यात भरवशाची वाटणारी परीक्षा. सुरू करताच कीबोर्डवरची ‘डिलीट’ टकटक दाबत राहा, काही मदरबोर्डांना त्याऐवजी ‘एफ टू’ लागते. बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा पडदा उघडेल. तिथे काहीही न बदलता २० मिनिटं तसंच राहू द्या, तोवर चहा घ्या. या पडद्यावर विंडोजचा काही संबंध नसतो. इथेही बंद पडला तर दोष यंत्रातच आहे. २० मिनिटं ठीक चालला तर डिस्क किंवा विंडोजकडे बोट जातं, तरी एसएमपीएस पूर्ण सुटत नाही, कारण इथे त्याच्यावर भार कमी असतो. सीपीयूचं तापमान तिथेच दिसतं. ४० ते ६० अंश ठीक, पण बघता बघता ९० कडे चढलं तर पंख्याखालची, सीपीयूची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असू शकते. तारीख भलतीच जुनी दाखवत असेल तर बोर्डावरचा ‘सीआर २०३२’ हा नाण्याएवढा सेल बदलायचा. सेल संपला की बायोस आपल्या सेटिंग विसरतो, मग कधी कधी डिस्क जागेवर असूनही विंडोज उघडत नाही.

विंडोजवरच अडत असेल तर दोन-तीनदा अर्धवट राहिल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप रिपेअर’. त्याने नाही झालं तर तिथेच ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘रिस्टार्ट’ आणि पुढच्या यादीत ९ दाबा. मग चूक झाल्यावर तो आपोआप रिस्टार्ट होणार नाही, निळा (अगदी नव्या विंडोजमध्ये काळा) पडदा तसाच राहील. त्याचा फोटो काढा, खालचा कोड मला हवाय. ‘रिसेट धिस पीसी’ला हात लावू नका. ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडणारा कोड, मागितली तर घाबरू नका, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळू शकते, आपण मिळून शोधू.

डिस्कमधून टक-टक-टक असा ठराविक आवाज येत असेल तर मात्र सगळं सोडा आणि प्लग काढा. पुन्हा चालू करायचा नाही.

दुकानात द्यावाच लागला तर तीन गोष्टी सांगा. दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघा. आधी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. बदललेला भाग आम्हाला परत द्या. आई, तिसरी गोष्ट तूच सांग, बाबांना भीड पडते.

एका दिवसात सगळं उरकायचं नाही. आज फक्त घड्याळाचा कागद आणि भिंतीतला प्लग. डबा रविवारी सकाळी, उजेडात उघडू. व्हिडिओ कॉल लावून फोन डब्यासमोर पुस्तकांना टेकवून ठेवा, म्हणजे बाबांचे दोन्ही हात मोकळे राहतील. खोडरबर नवीन आणा, घरातल्याला शाई लागलेली असते.

तुमची,
मनू