माझ्याबरोबर वाळूत चालत आलेल्या ताईंना

ताई,

ट्रेक संपून तीन महिने झाले तरी तुम्हाला नीट थँक्यू म्हटलंच नाहीये, शेवटच्या दिवशी घोडे गाडीत चढवायची गडबड, सामान, निरोप, त्यात राहूनच गेलं. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते वाळवंटात पहिल्यांदा घोड्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

आपली ओळखही नव्हती तेव्हा तुम्ही फोनवर मला तासभर दिलात. मी विचारत होते कॅमेरा कुठला घेऊ, पॉवर बँक किती, आणि तुम्ही विचारलंत, तुझं वजन किती, आणि सलग किती तास खोगिरावर बसलीयेस? मी गप्प झाले तर तुम्ही समजावलंत की स्वार, खोगीर, पिशव्या सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे 400 किलोचा घोडा असेल तर 80 किलो, आणि मऊ वाळूत पाय रुततात, प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागतं, म्हणून तिथे त्याहून कमी असेल तेवढं बरं. त्याच रात्री मी अर्धी बॅग रिकामी केली. कपड्यांचंही तुमचंच ऐकलं. नवी कोरी पँट नाही, मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको, बुटाला थोडी तरी टाच हवीच, म्हणजे पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जाऊन अडकत नाही आणि पडलो तर फरफटत जायची वेळ येत नाही. रात्रीसाठी गरम जॅकेट घे म्हणालात तेव्हा मला पटलं नव्हतं, पहिल्याच रात्री पटलं.

पण मला खरं सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. सकाळी मी तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळत होते तेव्हा घोडीने कान मागे टाकले आणि मान वळवून माझ्या हाताला तोंड लावायला आली. मला वाटलं आज हिचा मूड नाहीये. उशीर झाला होता, मी खरारा पाठीपुरताच केला, पोटाखाली हात फिरवला नाही, तंग बसल्यावर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढून कातडीची घडी मोकळी करायची असते तेही केलं नाही. दुपारी थांबलो तेव्हा तुम्ही सहज तिच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे हात लावलात आणि मला बोलावून माझा हात तिथे ठेवलात. गरम लागत होतं, थोडं सुजलं होतं, केस घासून गेले होते. घामाने ओल्या तंगाखाली वाळू जाऊन बसली होती आणि चार तास ती तिथे घासत होती. घोडी सकाळीच सांगत होती ना मला.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात की आज हिच्यावर खोगीर नाही, अजून एक तास असंच गेलं असतं तर कातडी फाटली असती, आणि अशा जुन्या जखमांवर पुढे केस पांढरे येतात, म्हणून घोड्याच्या अंगावरचे पांढरे डाग नीट बघत जा. खोगीर सामानाच्या गाडीत टाकलं, मी दोरी धरून चालायला लागले, आणि तुम्ही तुमचा घोडा दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्याबरोबर चालत आलात. त्या उन्हात, त्या वाळूत, काही गरज नसताना.

त्या चालण्यात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. जबड्याखालची नाडी कशी शोधायची ते तिथेच दाखवलंत, आरामात उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण 28 ते 44 असते, श्रमाने वाढते, पण थांबल्यावर भराभर खाली यायला हवी, लांब पल्ल्याच्या शर्यतीत 64 पर्यंत उतरल्याशिवाय घोड्याला पुढे सोडत नाहीत. आणि पाण्याचं. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही इतकं जातं की शरीर कोरडं पडलं तरी त्याला तहान लागेलच असं नाही, त्यामुळे 'पाणी दाखवलं, प्याला नाही, म्हणजे ठीक आहे' हे चूक. दिवसाला 25 ते 50 लिटर तर एरवीही लागतं, उन्हात राबला तर आणखी. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा, हे मी आता प्रत्येक घोड्याला करून बघते. आणि सगळ्यांचे घोडे पिऊन होईपर्यंत कोणीही निघायचं नाही, एक निघाला की बाकीचे पाणी सोडून त्याच्या मागे जातात, हे तर मला कधीच सुचलं नसतं.

चौथ्या दिवशी बदली घोडा मिळाला आणि तो वाळूत खुराने उकरायला लागला, गुडघे वाकवायला लागला, तेव्हा मागून तुमचा आवाज आला, "डोकं वर घे, पाय लाव, चालव!" घामेजलेल्या घोड्याला वाळू दिसली की लोळावंसं वाटतं, पाठीवर कोण बसलंय ते तो बघत नाही. तुम्ही ओरडला नसता तर माझा पाय त्याच्याखाली गेला असता. टेकडी उतरताना सरळ खाली, तिरपं नाही, लगाम सैल आणि मान मोकळी, हेही त्याच दिवशीचं.

ताई, परवा तुम्ही घोडीचा फोटो पाठवलात. कोपरामागचे केस पूर्ण भरून आलेत, सगळे तपकिरी, एकही पांढरा नाही. तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला ते सांगता येणार नाही.

थँक्यू ताई. मनापासून.