मास्तरकीचा भाव

नौपाडा, ठाणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बारावीला उत्तम गुण मिळवूनही लेक डी.एड.ला जायचे म्हणते, म्हणून घरात सुतक पडल्याचे तू लिहिले आहेस आणि तिची समजूत घालण्याचे काम माझ्यासारख्या मास्तरावरच सोपवले आहेस. समजूत मी जरूर घालीन, पण तुझी.

मास्तरकीला आता भाव नाही म्हणतोस, ते खरेच आहे. आमच्या गोखले रस्त्यावर क्लासच्या फलकांवर मुले टक्क्यांसह झळकतात, शिकवणाऱ्याचा मात्र फोटो नसतो. असलाच तर तो मालकाचा. शिक्षण हक्क कायदा, 2009 म्हणतो की शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपू नये. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा. त्यामुळे आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत किती निवडणुका होतात, हे नागरिकशास्त्राच्या तासाला मला पुस्तकात पाहावे लागत नाही. त्याच कायद्याचे पुढचे कलम शिक्षकाला खासगी शिकवण्या घ्यायला बंदी घालते, आणि त्याला मात्र एकही अपवाद नाही!

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले, शिवाय शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांना पगार बरा हवा, असेही बजावले. शिक्षण मूलभूत हक्क ठरवणारी घटनादुरुस्ती 2002 सालची. पगाराचे म्हणशील, तर विनाअनुदानित शाळेतल्या एखाद्या तरुण शिक्षकाला विचार.

तरीही परवाचा प्रसंग ऐक. सहावीतला एक मुलगा एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा म्हणून हटून बसला होता, कारण आठ चारापेक्षा मोठे. त्याच्या वडिलांची जांभळी नाक्यावर भाजीची गाडी आहे. मी विचारले, “मिरची अदपाव घेतली तर जास्त येते की पाव किलो?” तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत म्हणाला, “सर, पाव किलो. एवढंही माहीत नाही?” आणि मग स्वतःच थबकला, फळ्याकडे वळला आणि न सांगता उत्तर खोडून आला. त्या क्षणी वर्गात माझी गरज उरली नव्हती, याचा मला कोण आनंद झाला!

नोकरीची तुझी काळजी मात्र रास्त आहे. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, त्यानंतर शिक्षकभरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरची प्रतीक्षा. एवढ्यातून जो तग धरून निघेल, त्याला सहावीचा दंगेखोर वर्ग म्हणजे विश्रांतीच वाटेल. तेव्हा तिला हे सारे आधीच सांग, आणि तरी तिने ऐकले नाही तर मुकाट्याने अर्ज भरून दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश