महापौर बदलले, तिजोरी मात्र जुन्याच खात्यात

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय : शहराचे नेतृत्व हस्तांतरित होऊनही तिजोरी व इतर अधिकार न मिळाल्याबाबत, तसेच त्यासंबंधीच्या तक्रारीचे तिकीट परस्पर बंद केल्याबाबत.

महोदय/महोदया,

तुमच्या गेममध्ये खेळाडूंनी वसवलेल्या एका शहराची मी महापौर आहे. निदान नगरभवनाबाहेरच्या फलकावर तरी माझे नाव आहे. प्रत्यक्षात मला तिजोरी उघडता येत नाही, नव्या घराला जागा देता येत नाही आणि कोणाला वेशीच्या आत घ्यायचे हेही ठरवता येत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे.

झाले ते असे. शहर स्थापन करणाऱ्या महापौरांना नोकरीच्या व्यापातून खेळायला वेळ मिळेना. त्यांनी सगळ्यांना आधी कळवले, नागरिकांचे मतदान घेतले आणि मगच पद सोडले. कोणाशी भांडण नाही, रुसवाफुगवा नाही. ठरलेल्या संध्याकाळी आम्ही दोघे नगरभवनात उभे राहिलो, त्यांनी ‘नेतृत्व सोपवा’ हा पर्याय निवडला आणि पडद्यावर खिडकी उघडली : ‘तुम्ही या शहराचे नेतृत्व कायमचे सोडत आहात. खात्री आहे का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. बस, एवढेच. तिजोरी संस्थापकाच्या खात्याला बांधलेली राहील, प्रवेशबंदीची यादी फक्त त्यालाच बदलता येईल, बांधकामाचे परवाने नव्या महापौराकडे येणार नाहीत, यातले एक अक्षरही तिथे नव्हते. साधी तलवार मोडीत काढताना तुमचा गेम दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा तिचे नाव टाइप करायला लावतो. अख्खे शहर सोपवताना मात्र एक ‘होय’ पुरतो.

पहिले काही दिवस कोणाच्या काही लक्षात आले नाही, कारण जुन्या महापौरांचे सदस्यत्व अजून चालू होते आणि साप्ताहिक देखभाल खर्च नेहमीसारखा तिजोरीतून वळता होत होता. सदस्यत्वाची मुदत संपली आणि तुमच्या प्रणालीने शहराला ‘निष्क्रिय’ ठरवले. रोज संध्याकाळी गजबजलेले शहर निष्क्रिय! तिजोरीत पुढचे कित्येक आठवडे पुरेल एवढे सोने पडून आहे. नगरभवनात गेले की तो आकडा मला स्पष्ट दिसतो. त्याच्याशेजारचे बटण मात्र करड्या रंगाचे, दाबले जात नाही. माझ्या खिशातले सोने भरून खर्च भागवावा म्हटले, तर भरणा करण्याचाही अधिकार नाही. खर्च थकला, शहराचा दर्जा एका पायरीने घसरला आणि प्रवासद्वार बंद झाले.

दर्जा घसरला की शहराची हद्द आक्रसते, हे तुमच्या नियमांतच आहे. त्याचा अर्थ काय होतो ते आम्ही आता पाहतो आहोत. उत्तरेच्या कडेला एका सदस्याचे औषधी मुळ्यांचे दुकान आहे. हद्द आत सरकली तशी त्याची अर्धी इमारत शहराबाहेर गेली. गल्ला शहरात, गोदाम बाहेर! गोदामाला कुलूप पडले, कारण प्रणालीच्या हिशेबी ते आता ‘परवानगी नसलेले बांधकाम’ आहे. त्याने आयुष्यात महापौरपदाशी काही संबंध ठेवला नाही, शिक्षा मात्र त्याला.

(प्रवेशबंदीच्या यादीचीही गंमत सांगते. जुन्या भांडणापायी यादीत गेलेल्या एका खेळाडूशी आमचा केव्हाच समेट झाला आहे. तो अभिनंदनाला आला आणि पहारेकऱ्यांनी त्याला उचलून वेशीबाहेर फेकले. महापौर म्हणून मी शेजारी उभी राहून पाहत होते.)

याबाबत तुमच्याकडे तिकीट टाकले, तर उत्तर आले की ‘खेळाडूंमधील अंतर्गत वादांत कंपनी हस्तक्षेप करत नाही.’ कोणता वाद? देणारा देतो म्हणतो, घेणारी घेते म्हणते, नागरिकांनी मतदान केले आहे. जुन्या महापौरांनी त्यांच्या नोंदणीकृत ईमेलवरून तुम्हाला लेखी संमतीही पाठवली. त्यावर तुमच्या प्रतिनिधीने सुचवले की त्यांनी पुन्हा एक महिन्याचे सदस्यत्व घेऊन स्वतः लॉगिन करावे आणि तिजोरी रिकामी करून सोने मला द्यावे. म्हणजे सोडून गेलेल्या ग्राहकाने तुमची त्रुटी निस्तरायला पुन्हा पैसे भरायचे! बरे, भरले तरी परवाने आणि यादी तशीच राहणार. हे विचारले तेव्हा तिकीट ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आले.

खेळाडूंची शहरे ही काही कालपरवाची कल्पना नव्हे. 2003 साली सुरू झालेल्या आणि 15 डिसेंबर 2011 रोजी बंद झालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या ऑनलाइन गेममध्ये महापौर नागरिकांच्या मतांनी निवडला जाई, माणूस बदलेल हे त्या रचनेत गृहीतच होते. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या ‘टाउनी’ या प्लगइनमध्ये (मूळ गेमला जोडायच्या जादा प्रोग्राममध्ये) शहराची बँक शहराच्या नावे असते आणि महापौर एका आज्ञेने बदलता येतो. ते प्लगइन हौशी मंडळींनी घडवलेले आहे. तुम्ही तर दरमहा शुल्क घेता.

अधिकार सहज हातात गेले तर लूट होईल, ही तुमची भीती मला मान्य आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ या गेममध्ये 2009 च्या फेब्रुवारीत एका संचालकाने आपल्याला मिळालेले अधिकार वापरून ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही बलाढ्य आघाडी आतूनच विसर्जित केली. हजारो खेळाडूंचे नाव आणि झेंडा गेला. तसे आमच्याकडे होऊ नये म्हणून अडथळे ठेवा की. हस्तांतरणाची सूचना सगळ्या नागरिकांना जाऊ द्या, आठवडाभराची मुदत ठेवा, त्या काळात हरकत घेता येऊ द्या, पहिल्या महिन्यात तिजोरीतून काढायच्या रकमेवर मर्यादा घाला. पण आज तुम्ही जे करता त्याला सुरक्षा म्हणता येत नाही. पद एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे, तीही गेममध्ये नसलेल्या माणसाकडे, अशी व्यवस्था चोराला अडवत नाही. चोर असता तर पद सोडण्यापूर्वीच तिजोरी घेऊन गेला असता.

माझी मागणी स्पष्ट आहे. आमच्या शहराची तिजोरी, बांधकामाचे परवाने आणि प्रवेशबंदीची यादी सध्याच्या महापौरपदाला जोडून द्यावी. घसरलेला दर्जा पूर्ववत करावा, कारण सोने असूनही खर्च थकला तो तुमच्या कुलपामुळे. हद्दीबाहेर गेलेल्या गोदामांतले सामान मालकांना परत मिळावे. कुलूप पडलेल्या बांधकामांची मुदत संपली की ती पाडली जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी व्हावे. आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या खिडकीत निदान दोन ओळी वाढवा : कोणते अधिकार जातील आणि कोणते राहतील. त्याला नवे अपडेट बनवायची वाट पाहावी लागेल असे वाटत नाही.

मतदानाची नोंद, हस्तांतरणाच्या वेळचे स्क्रीनशॉट, जुन्या महापौरांची संमती आणि बंद केलेल्या तिकिटाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर साचेबद्ध नको. तिकीट वाचलेल्या माणसाचे हवे.

आपली विश्वासू,
महापौर (फलकापुरती)